सही झाली, तक्ता कोराच

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या शहर पुरवणीत हल्ली एक फोटो दर थोड्या दिवसांनी दिसतो. महाविद्यालय बदलते, फोटो तोच. टेबलावर दोन छोटे झेंडे, हातात मखमली फोल्डर, चार माणसे हसताहेत. खाली ओळ: अमुक महाविद्यालयाचा परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार, विद्यार्थ्यांना एक सत्र परदेशात शिकण्याची संधी. वाचून बरे वाटते. आमच्या पिढीत नाशकातले पोर शिकायला पुण्याला निघाले तरी आई एस.टी. स्टँडवर पदर डोळ्याला लावायची. आता पोरे थेट विमानाच्या गोष्टी करतात, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

पण अशाच एका करारातून जायला निघालेली एक मुलगी सध्या माझ्या घरात आहे. तिची सगळी तयारी मी डोळ्यांसमोर बघतो आहे. म्हणून त्या फोटोतल्या मंडळींना एक विचारायचे आहे: ही मुलगी परत आल्यावर तिचे तिकडचे सत्र तुम्ही इकडे धरणार की नाही, हे ती निघण्याआधी पांढऱ्यावर काळे करून का देत नाही?

मुलगी म्हणजे माझी नात. शहरातल्याच एका स्वायत्त महाविद्यालयात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हिवाळी सत्रासाठी जर्मनीत ड्रेस्डेनला चालली आहे. अदलाबदलीची योजना असल्यामुळे तिकडे शिकवण्याची फी नाही, इकडची मात्र भरायचीच. तिचे वडील अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर, आई शाळेत शिक्षिका. मी नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालो. देशातल्या सगळ्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका तिथे छापल्या जातात, हे नाशिककरांना सांगायला नको. आत काय आणि कसे चालते ते बाहेर बोलायचे नाही, ही सवय अजून सुटलेली नाही, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही. नोकरी तपासणीत गेली, इतकेच. त्यामुळे आमच्या घरात विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत कोणताही कागद आला की आधी माझ्या हातात पडतो. 'आबा, जरा बघून द्या ना,' म्हणत नातीने तिची फाइल माझ्यापुढे ठेवली, आणि हे पत्र त्या फाइलीतून निघाले आहे.

फाइलीत जे जे अवघड वाटत होते ते सगळे पार पडले, हे आधी सांगतो. ज्या घरांतून पुढच्या वर्षी कोणी निघणार असेल त्यांना उपयोगी पडेल म्हणून थोडे तपशील देतो.

जर्मनीत नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचे तर पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही, त्यांचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची फी 75 युरो. फीचे काही नाही, खरा घाम फुटतो तो पैसे दाखवण्याच्या अटीने. तिकडे राहण्याखाण्याची सोय आहे हे सिद्ध करायला एका खास खात्यात रक्कम आधी भरून ठेवावी लागते. 2024 च्या सप्टेंबरपासून तो आकडा महिन्याला 992 युरो, वर्षाचा हिशेब 11,904 युरो. नातीचे सहा महिने म्हणजे 5,952 युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी सहा लाखांच्या घरात जाते. हे पैसे बुडत नाहीत. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेसारखी ठरलेली रक्कम दर महिन्याला तिच्या हातात पडते, एवढेच की इथे व्याज नाही, आपलेच मुद्दल हप्त्याहप्त्याने परत येते. पण सहा लाख एकदम उभे करणे म्हणजे काय, ते नोकरदार माणसालाच माहीत. मुलाने भविष्य निर्वाह निधीतून काढले, थोडे माझ्या मुदत ठेवीतून गेले.

हे पैसे पाठवायला गेलो तर एका बँकेत काउंटरवरच्या पोराने सांगितले की वीस टक्के कर आधीच कापला जाईल. सूनबाईंचा चेहरा उतरला. घरी येऊन नियम वाचला. 1 एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर असा कर गोळा होत नाही. मान्यताप्राप्त बँकेचे शैक्षणिक कर्ज काढून पाठवले तर दहा लाखांच्या वरही होत नाही. वीस टक्क्यांची गोष्ट त्या मर्यादेच्या वर, शिक्षण आणि औषधोपचार सोडून इतर कारणांसाठी. आणि समजा कापला गेलाच, तरी विवरणपत्र भरताना तो हिशेबात धरून मागता येतो. त्या पोराला दोष देत नाही. नियम दर अर्थसंकल्पात हलतात आणि काउंटरवर बसणाऱ्याला ते कोणी समजावून सांगत नाही. पालकांनी मात्र पहिल्याच उत्तराला घाबरून मुलीचे जाणे रद्द करू नये.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला आम्हाला मुंबई गाठावी लागली. पासपोर्टची पुस्तिका नाशिकरोडची, आणि तिच्यात व्हिसाचा कागद चिकटवून घ्यायला नाशिककरांनी भल्या सकाळी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये अंग चोरून बसायचे, कसारा घाट उतरायचा, कल्याणपासून पुढे गर्दीत फाइल छातीशी धरायची. नोकरीत असताना आम्हाला या गोष्टीचे हसू यायचे. नात त्या गर्दीत गेल्यावर जरा कमी आले.

व्हिसाला फोटो हवा 35 बाय 45 मिलिमीटरचा. शालिमारजवळच्या एका स्टुडिओवाल्याने सवयीने नातीच्या हनुवटीवरचा तीळ पुसून, गाल नितळ करून दिले. स्थळे बघायची असती तर ठीक होते. मी तो फोटो परत पाठवला आणि तीळ परत आणायला लावला. स्टुडिओवाला म्हणाला, 'आजोबा, लोक उलटं सांगतात.' असेल. पण ओळख पटवायच्या कागदावर माणूस आहे तसाच दिसला पाहिजे.

नावाचा घोळ याहून मोठा. आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नावाच्या रकान्यात मुलीचे व वडिलांचे नाव एकत्र. तिकडच्या विद्यापीठाने गुणपत्रिका बघून पहिला शब्द तो नाव असे धरले. त्यामुळे त्यांचे पहिले पत्र आमच्या आडनावाला 'प्रिय' म्हणत आले, आणि आडनावाच्या जागी माझ्या मुलाचे नाव. घरात हसून पुरेवाट झाली. पण विम्याचा कागद, खात्याचा कागद आणि प्रवेशपत्र या तिघांवर तीन वेगळ्या बायका असल्यासारखी नावे आली असती तर विमानतळावर हसू आले नसते. नातीने एक मेल केला, सोबत पासपोर्टचे पान जोडले. त्यांनी लगेच दुरुस्त करून पाठवले, वर दिलगिरीही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ही ठेच लागणार आहे, तेव्हा परदेशी फॉर्म भरताना गुणपत्रिका बाजूला ठेवून पासपोर्ट समोर धरावा.

आता आजीचे खाते. आमच्या घरातला सर्वात मोठा वाद तुपावरून झाला. युरोपीय संघातल्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे कढवलेले साजूक तूप गेले, पेढे गेले. ताजा कढीपत्ताही नाही. 'पोर सहा महिने कोरडी पोळी खाणार का?' असे म्हणत आजीने बरणी एकदा बॅगेत घातली, नातीने काढली, पुन्हा घातली. शेवटी मी तो नियम मोबाइलवर मोठ्या अक्षरात दाखवला तेव्हा बरणी फडताळात गेली. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपन्याच सामानात घेऊ देत नाहीत, कारण त्यातले तेल पेट घेऊ शकते. मग राहिले काय? थालीपिठाची भाजणी, मेतकूट, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, पिंपळगावच्या पाहुण्यांनी दिलेले बेदाणे. लहान कुकर मोठ्या बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. तिकडची वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, तेव्हा चार्जर चालतो. आपली तीन पायांची पिन तेवढी त्यांच्या भिंतीत शिरत नाही, अडॅप्टर घ्यावा लागतो. गरम कपडे शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटात बघितले. शेजारच्या काकू म्हणाल्या, निफाडची थंडी काढलेल्या माणसाला जर्मनीचे काय भय. काकू कधी निफाडला राहिलेल्या नाहीत.

हे सगळे इतके लांबण लावून लिहिले त्याला कारण आहे. तुपाचा नियम परदेशातल्या सरकारने लिहून ठेवला आहे आणि तो नाशिकरोडला बसून मला वाचता आला. पैशांचा आकडा लिहिलेला आहे, फोटोचा आकार लिहिलेला आहे. तिकडे पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला न्यायचा, हेही आम्हाला आत्ताच माहीत आहे. परकी माणसे कडक असतील, पण काय हवे ते आधी सांगून मोकळी होतात. आमची फाइल अडली आहे ती आपल्याच माणसांपाशी, घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

अशा अदलाबदलीसाठी लर्निंग अॅग्रीमेंट म्हणून एक फॉर्म असतो. त्यात दोन तक्ते. पहिल्यात मुलगी तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांना किती क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचे एकक, आहेत ते लिहायचे. दुसऱ्यात त्या बदल्यात इकडचे कोणते विषय सुटणार ते लिहायचे. खाली तीन सह्या: मुलीची, तिकडच्या विद्यापीठाची, इकडच्या महाविद्यालयाची. नातीच्या फॉर्मवर तिन्ही सह्या आहेत, तारीख आहे, जांभळा गोल शिक्का आहे, तोही वाचता येईल असा स्वच्छ उमटलेला. पहिला तक्ता टाइप करून पूर्ण भरलेला आहे. दुसरा कोरा. पाच आडव्या ओळी, चार रकाने, आत एक अक्षर नाही, निदान तिरकी रेघ मारून 'निरंक' तरी लिहावे, तेही नाही.

कोऱ्या कागदाची किंमत मला थोडी कळते. आम्ही तो मोजून घ्यायचो, मोजून द्यायचो आणि कुलपात ठेवायचो. त्याखाली सही करून कोणाच्या हाती दिला असता तर त्याच दिवशी घरी बसावे लागले असते.

नातीने विभागात विचारले तेव्हा उत्तर आले, 'तू जाऊन तर ये, मग बघू.' परीक्षा विभागाने विभागप्रमुखांकडे बोट दाखवले, विभागप्रमुखांनी अभ्यास मंडळाकडे, आणि अभ्यास मंडळाची बैठक पुढच्या सत्रात. करार करणारा जो कक्ष आहे त्यांनी सांगितले की आमचे काम करारापुरते. महाविद्यालय स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा, मूल्यमापन सगळे त्यांच्याच हातात. विद्यापीठाच्या नावावर ढकलायचीही सोय नाही. तरी ही टोलवाटोलवी. मुलगी विमानात बसल्यावर तिच्या विषयांचा विचार करायचा, हे वरातीमागून घोडे झाले.

'मग बघू'मध्ये काय काय दडलेले आहे ते आकड्यांत सांगतो. युरोपात एका सत्राचा पूर्ण भार 30 क्रेडिटचा धरतात. आपल्याकडे नव्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत वर्षाला 40, म्हणजे सत्राला 20 च्या आसपास. आता तिकडची दीड म्हणजे इकडचे एक असे धरले तर नातीच्या 30 चे 20 होतात आणि सत्र पुरे होते. तिकडची दोन म्हणजे इकडचे एक धरले तर 15 होतात आणि पाच कमी पडतात. अभ्यास तोच, परीक्षा तीच, पण नाशकात बसलेला माणूस भागाकार कशाने करतो त्यावर ती पास की नापास ठरणार. तिला विचारले, भागाकार कशाने होणार? तिला माहीत नाही. तिच्या सरांनाही माहीत नाही.

गुणांचे तर उलटेच आहे. तिकडे 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 म्हणजे नापास. इकडे दहापैकी जितके जास्त तितके चांगले. नातीने तिकडे जीव तोडून 1.3 मिळवले आणि इकडे कोणी ते जसेच्या तसे संगणकात भरले, की पोर बुडाली. बाहेरचे गुण जर्मन गुणांत बदलायला तिकडची विद्यापीठे बव्हेरियन सूत्र म्हणून एक सूत्र वापरतात. ते उलटे लावून वापरा, नाहीतर स्वतःचे बनवा. पण कोणते ते आत्ता सांगा.

आणि या दोन्हींहून मोठा घोटाळा दिनदर्शिकेचा, ज्याकडे करार करताना कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. जर्मनीत हिवाळी सत्र 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, त्यानंतर परीक्षा. आपले पाचवे सत्र जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपते, सहावे जानेवारीत सुरू होते. म्हणजे तिकडचे एक सत्र इकडच्या दोन सत्रांवर आडवे पडते. नात निघेल तेव्हा पाचव्याचे अर्धे वर्ग झालेले असतील, परत येईल तेव्हा सहाव्याचे दोन महिने गेलेले असतील. पाचवे सत्र तिकडच्या अभ्यासावर सुटले असे मानू. मग सहाव्याच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या हजेरीचे काय? 75 टक्क्यांचा नियम तिला लावणार की ती माफ? मधल्या चाचण्या, प्रॅक्टिकल, प्रोजेक्टची पहिली सादरीकरणे यांचे काय? उन्हाळी सत्राला गेली असती तरी सुटका नव्हती, ते एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालते आणि तेही आपल्या दोन सत्रांना चावते. म्हणजे ही अडचण एका मुलीची नाही. त्या देशाशी ज्या ज्या महाविद्यालयाने करार केला त्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती येणार, आणि करार करतानाच ती दिसायला हवी होती.

माझे म्हणणे कोणाला म्हातारपणचा संशयीपणा वाटेल. आमच्याच भागातला एक मुलगा असा एक सत्र बाहेर राहून आला. त्याचे महाविद्यालय दुसरे, देशही दुसरा. आल्यावर त्याला सांगण्यात आले की तिकडचे दोन विषय आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत. दोन विषय राहिले. पुढे सातव्या सत्रात कॅम्पसवर कंपन्या आल्या, त्यांची पहिली अट ही की एकही विषय राहिलेला नसावा. परदेशात शिकून आलेला, चार भाषांतल्या मुलांबरोबर प्रोजेक्ट केलेला मुलगा पहिल्या चाळणीत बाहेर, आणि त्याच्या वर्गातला, इगतपुरीच्या पलीकडे न गेलेला मित्र आत. मित्राला नोकरी मिळाली याचा आनंदच आहे. पण त्या मुलाच्या आईने मला विचारले, 'पाठवलं तेच चुकलं का हो?' त्या बाईला उत्तर द्यायची जबाबदारी माझी नव्हती.

शिक्षकांना सरसकट नावे ठेवायची नाहीत. नातीच्या विभागातल्या एका तरुण प्राध्यापिकेने दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारीशेजारी ठेवून, संध्याकाळी थांबून, विषयाला विषय जुळवून दिला. कंट्रोल सिस्टीमला काय चालेल, कोणत्या विषयाचे एक प्रकरण कमी पडते आणि ते कसे भरून काढता येईल, सगळे नीट लिहिले आहे. तो कागद फाइलीत आहे. पेन्सिलीने लिहिलेला. पेनाने लिहायचा अधिकार त्यांना नाही आणि ज्यांना आहे त्यांनी तो कागद अजून पाहिलेला नाही. म्हणजे काम अवघड आहे असेही नाही, चार संध्याकाळींत होऊ शकते हे दिसले आहे.

नियमांची आडकाठी आहे म्हणावे, तर तसेही नाही. परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्तपणे चालवायच्या पदव्यांसाठी यूजीसीने 2022 मध्ये नियम केले. त्यांतल्या एका प्रकारात परदेशात मिळवलेली क्रेडिट एकूण क्रेडिटच्या 30 टक्क्यांपर्यंत धरता येतात. नातीची योजना त्या प्रकारातली नाही, साधी अदलाबदल आहे. पण देशाच्या पातळीवर ज्याला 30 टक्के मान्य आहे, त्या देशातल्या महाविद्यालयाला आठांतले एक सत्र, म्हणजे साडेबारा टक्के, मोजायला एवढा संकोच का वाटावा?

शिवाय हा प्रश्न पैशाचाही आहे. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांचे पोर सहा महिने मागे पडले तरी बिघडत नाही, ते मास्टर्सला पुन्हा जाईल. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या मुलांसाठी, पदवीच्या मधल्या सत्राला ती नाही. तेव्हा या करारांतून जाणारी बरीच मुले भविष्य निर्वाह निधीवर आणि आजोबांच्या ठेवींवर जातात. त्यांना वाया घालवायला सत्र परवडत नाही. हे ज्यांना कळते ती घरे मग मुलीला पाठवतच नाहीत, आणि करार फोटोपुरता उरतो.

शहरात सध्या सिंहस्थाची धांदल आहे, रस्ते खणलेले आहेत, कोणाला कशाला वेळ नाही हे समजते. तरी मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ या दोन विद्यापीठांची मुख्यालये ज्या गावात आहेत, तिथे क्रेडिटचा कागद समजणारी माणसे मिळत नाहीत हे मला पटत नाही. महाविद्यालयांना मोठे काही करायला सांगत नाही. ज्या विद्यापीठाशी करार आहे त्याच्या आणि आपल्या सत्रांच्या तारखा शेजारी मांडा, हजेरीचे काय ते ठरवा, भागाकार आणि गुणांचे सूत्र ठरवा, आणि एका पानावर छापून करारासोबत लावा. एकदा छापले की पुढच्या प्रत्येक मुलाला तेच पान चालेल. आणि दुसरा तक्ता भरल्याशिवाय सही करू नका.

आपल्याकडेही एक मागणे आहे. पुढच्या वेळी असा फोटो छापायला येईल तेव्हा बातमीदाराने दोन प्रश्न विचारावेत: आधीच्या करारांतून किती मुले गेली, आणि परत आल्यावर त्यांतल्या कितींचे सत्र पूर्ण धरले गेले? उत्तर मिळाले तर फोटोखाली तेही छापावे. मिळाले नाही तर तसे छापावे. फोटोची जागा थोडी कमी केली तरी चालेल, मखमली फोल्डर सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

पत्र लांबले आहे, काटछाट करायला माझी हरकत नाही. तुपाचा भाग गाळलात तरी चालेल, आकडे तेवढे राहू द्यावेत.

नात नवरात्राच्या सुमारास निघेल. तिकीट काढलेले आहे, व्हिसा आला आहे, पासपोर्ट मी उघडून पानन् पान पाहिला आहे, त्यात खोट नाही. विभागप्रमुख सोमवारी रजेवरून येत आहेत. नातीचे म्हणणे, 'आबा, तुम्ही येऊ नका, बरं दिसत नाही.' मी जाणार आहे. आत तीच बोलेल, मी बाहेर बाकावर बसेन. पण पेन्सिलीने लिहिलेला कागद माझ्या पिशवीत असेल, आणि फॉर्म भरून बाहेर आला की तो घरी नेण्याआधी मी तिथेच ओळीने ताडून पाहणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
जेलरोड, नाशिकरोड